कराटे शिकायचंय? आधी टाच टेकवा

आमच्या कराटे क्लासला दर जूनमध्ये नवी भरती होते. शाळा सुरू झाली की आईचं बोट धरून आलेली सात-आठ वर्षांची पोरं, दहावी सुटल्यावर ‘आता काहीतरी करायचंच’ म्हणून आलेल्या मुली, आणि एखाददुसरा चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ. हा गृहस्थ मुळात मुलाला सोडायला आलेला असतो. आठवडाभर भिंतीला टेकून बघत राहतो आणि एक दिवस सरांना बाजूला घेऊन विचारतो, ‘‘आमच्या वयाला जमेल का हो हे?’’

मी त्यातलाच. ३९व्या वर्षी पांढरा बेल्ट बांधला. शेजारी तिसरीतली एक मुलगी होती. तिचा बेल्ट पिवळा, म्हणजे ती माझी सीनियर. पहिल्या दिवशी मी जीव तोडून पंच मारत होतो आणि सर माझ्या मुठीकडे बघतही नव्हते. मागून आले, माझ्या मागच्या पायाच्या टाचेला आपल्या पायाने हलकंच टोकलं आणि म्हणाले, ‘‘टाच खाली.’’ पुढचे तीन महिने मी मुख्यतः हेच दोन शब्द ऐकले. कराटे हातांचा खेळ आहे असं समजून आपण येतो, पण तो पायांपासून सुरू होतो, हे कळायला मला तेवढा वेळ लागला. तुमचे निदान दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

हे आलं कुठून

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचं बेट आहे. पूर्वी तिथे र्‍यूक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. चीनशी त्यांचा शेकडो वर्षांचा व्यापार, येणंजाणं. तिथली स्थानिक हातापायांची विद्या आणि चीनच्या फूज्येन प्रांतातून आलेल्या युद्धकला यांच्या मिश्रणातून जे तयार झालं त्याला नुसतं ‘ते’, म्हणजे ‘हात’ म्हणत. शुरी, नाहा आणि तोमारी या गावांवरून त्याचे प्रकार ओळखले जात. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी हे राज्य ताब्यात घेतलं आणि १८७९ मध्ये ते जपानचा एक जिल्हा होऊन गेलं.

आपल्याकडच्या क्लासमध्ये दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, कांचीपुरमच्या बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूने चीनमधल्या शाओलिन मठात जाऊन ही विद्या शिकवली. दुसरी, शस्त्रबंदीमुळे ओकिनावाच्या शेतकर्‍यांनी सामुराईंची चिलखतं फोडायला कराटे शोधून काढलं. दोन्ही ऐकायला झकास, पण पहिलीला भक्कम पुरावा नाही, आणि दुसरीच्या उलट, जुने उस्ताद बहुतेक दरबारी, खानदानी घरांतले होते. मात्सुमुरा सोकोन हे तर राजाचे अंगरक्षकच. मुलांना गोष्ट म्हणून जरूर सांगा, इतिहास म्हणून नको.

गुप्तपणे चालणारी ही विद्या शाळेच्या मैदानावर आणली ती इतोसू आंको यांनी, १९०१च्या सुमारास. त्यांनी मुलांसाठी सोपे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, रचले. तेच आज जगभर नवशिक्यांना शिकवतात. १९०८ मध्ये त्यांनी सरकारला लिहिलेल्या पत्रात कराटेविषयी दहा मुद्दे आहेत. त्यांत त्यांनी रोज एक-दोन तास, तीन-चार वर्षं सराव केला तर शरीर बदलतं, असा हिशोब दिलाय. तीन-चार वर्षं! ‘सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट’च्या पाट्या बघितल्या की मला हे पत्र आठवतं.

इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे शाळामास्तर. १९२२ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, ते प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले आणि तिथेच राहिले. सुरुवातीला एका विद्यार्थी वसतिगृहात राहून, तिथली झाडलोट करून त्यांनी शिकवलं. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्यूदो शाळेत बोलावलं. आजचा पांढरा ड्रेस आणि बेल्टची पद्धत कराटेत आली ती ज्यूदोकडूनच. कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट फुनाकोशींनी १९२४ मध्ये दिले. ‘कारा’ या अक्षराचा अर्थही मधल्या काळात बदलला. आधी ते ‘चिनी हात’ असं लिहीत, नंतर ‘रिकामा हात’ असं लिहू लागले. १९३६ साली नाहामध्ये उस्तादांनी एकत्र बसून त्यावर शिक्कामोर्तब केलं. ती तारीख २५ ऑक्टोबर, म्हणून ओकिनावात त्या दिवशी कराटे दिन असतो.

कुठली स्टाइल?

चौकशीला गेलात की पहिल्यांदा हे शब्द कानावर पडतील. शोतोकान ही फुनाकोशींची परंपरा. ‘शोतो’ हे त्यांचं कवितेसाठीचं टोपणनाव, पाइनच्या झाडांतून वाहणार्‍या वार्‍याची सळसळ असा त्याचा अर्थ. लांब, खोल पवित्रे आणि सरळ रेषेत जोरकस हालचाली. गोजू-र्‍यू चोजून मियागींची. ‘गो’ म्हणजे कठीण, ‘जू’ म्हणजे मऊ. पवित्रे आखूड, श्वासावर भर, जवळून लढणं. केन्वा माबुनींच्या शितो-र्‍यूमध्ये कातांचा खजिना मोठा आहे. हिरोनोरी ओत्सुकांच्या वादो-र्‍यूमध्ये जुजुत्सूची, म्हणजे जपानच्या जुन्या झटापटीच्या विद्येची, सरमिसळ आहे, अंगावर आलेला वार अडवण्यापेक्षा चुकवणं जास्त. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत या चार मुख्य समजल्या जातात. मासुतात्सू ओयामांची क्योकुशिन वेगळी: तिथे अंगावर खराखुरा मार बसतो, मात्र डोक्यावर पंच चालत नाही.

यातली चांगली कोणती, हा वाद कट्ट्यावर रात्रभर चालतो. नवशिक्यासाठी माझं उत्तर सोपं आहे: घरापासून पंधरा मिनिटांवर असलेली. कराटे बंद पडतं ते शैलीमुळे नाही, प्रवासामुळे. पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही, ट्रेन लेट, आणि एक आठवडा बुडाला की दुसरा आपोआप बुडतो.

क्लास निवडताना

पैसे भरण्याआधी एक अख्खा तास बसून बघा. बसू देत नसतील तर तिथेच विषय संपला.

बघताना मुलांच्या हातांकडे बघू नका, पायांकडे बघा. ओरडण्याचा आवाज आणि पंचचा वेग बघून आपण भुलतो. खाली मात्र टाचा उचललेल्या, गुडघे आत कोसळलेले, पाय एका रेषेत आल्यामुळे पोरं डुलतायत. शिक्षक रांगांमधून फिरून हे दुरुस्त करतो का? की समोर उभा राहून नुसते आकडे मोजतो? पन्नास मुलं आणि एक शिक्षक असेल तर हाताखाली दोन-तीन मोठे विद्यार्थी तरी हवेत. मुलांना लागलं तर तो काय करतो, हेही एका तासात कळतं.

मग हे विचारा: महिन्याची फी किती, वर्षातून बेल्टच्या परीक्षा किती, प्रत्येक परीक्षेचे पैसे किती, आणि ब्लॅक बेल्टपर्यंत साधारण किती वर्षं. फी सगळे सांगतात, परीक्षेचे पैसे नंतर कळतात. मी आधी एका क्लासला गेलो होतो. तिथे दुसर्‍याच महिन्यात ‘स्पेशल कॅम्प’ निघाला, त्याचं शुल्क तीन महिन्यांच्या फीएवढं, आणि कॅम्पमध्ये मुख्य कार्यक्रम म्हणजे कौलं फोडतानाचा फोटो. कौल फुटलं. माझी टाच तेव्हाही वरच होती, पण ते कोणी सांगितलं नाही.

साधारण आठवड्याला दोन-तीन तास येणार्‍या माणसाला चार-पाच वर्षं लागतात असं कोणी म्हणालं तर तो शिक्षक प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही. लेखी हमी देणार्‍यापासून लांब राहा. आणि आपल्याकडे कराटेच्या संघटना भाराभर आहेत, प्रत्येकीच्या लेटरहेडवर ‘इंटरनॅशनल’. व्यायामासाठी शिकणार असाल तर त्यात डोकं घालू नका. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर मात्र स्पष्ट विचारा: तुमची मुलं कुठल्या स्पर्धांना जातात, आणि तिथून राज्य, देश अशी साखळी जागतिक महासंघापर्यंत पोचते का?

मुलींसाठी क्लास बघताना शिक्षक पवित्रा दुरुस्त करायला हात लावण्याआधी सांगतो का, हे बघा. चांगले शिक्षक बरंचसं काम शब्दांनी आणि स्वतः करून दाखवून भागवतात.

सामान

पहिला महिना ट्रॅकपँट आणि टी-शर्टवर काढा. टिकलात तर ड्रेस घ्या. साधा सुती मिश्रणाचा ड्रेस हजाराच्या आतबाहेर मिळतो. जाड कॅनव्हासचे महागडे ड्रेस पंच मारल्यावर छान ‘फट्’ वाजतात, पण आपल्या मे महिन्यात त्यांची भट्टी होते. मुलांना एक नंबर मोठा घ्या, बाह्या दुमडता येतात.

ड्रेस घालताना डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. जपानमध्ये उलटं, म्हणजे उजवी वर, फक्त मृतदेहाला नेसवतात. क्लासमध्ये कुणी हसलं तर कारण हे असतं.

बेल्ट बांधणं पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. असं करा: बेल्टचा मध्य बेंबीवर धरा. दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन हात बदला आणि पुन्हा पुढे आणा. मागे पट्टे एकावर एक बसले पाहिजेत, पीळ नको. आता पुढे आलेलं एक टोक दुसर्‍यावर टाका आणि सगळ्या थरांच्या खालून वर काढा. ओढून घट्ट करा. मग वरच्या आणि खालच्या टोकाची साधी गाठ मारा. टोकं दोन्ही बाजूंना सारखी लोंबली तर बरोबर, एक आकाशाकडे आणि एक जमिनीकडे गेलं तर सोडून परत. घरी आरशासमोर पाच वेळा केलं की हात बसतो.

दस्ताने, नडगीचे पॅड, दातांचं गार्ड हे सगळं कुमितेला, म्हणजे जोडीदाराशी लढायला, सुरुवात झाल्यावर. सरांना विचारून घ्या.

पहिला दिवस

हातापायांची नखं कापून जा. समोरच्याला ओरबाडू नये म्हणून, आणि आपलंच पायाचं नख दुसर्‍याच्या ड्रेसमध्ये अडकून उचकटू नये म्हणूनही. अंगठ्या, कडं, बांगड्या, मंगळसूत्र, कानातले डूल काढून ठेवा. मनगटावरचा गंडा काढायचा नसेल तर त्यावर पट्टी गुंडाळा. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. दमा, रक्तदाब, जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारा आणि सरांना आधीच सांगा. लपवू नका.

आत जाताना चपला बाहेर, दाराशी थांबून किंचित वाकून नमस्कार, ‘रेई’. आखाड्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात ना, तसंच हे. उशीर झाला तर सरळ रांगेत घुसायचं नाही, दाराशी थांबून सरांनी खूण केली की यायचं. रांग बेल्टच्या क्रमाने असते. तुम्ही अर्थातच शेवटी.

सुरुवातीला सगळे गुडघ्यांवर, टाचांवर बसतात, हे ‘सेइझा’. वज्रासनाची सवय असेल तर तुम्ही जिंकलात. ‘मोकुसो’ म्हटलं की डोळे मिटून शांत बसायचं. मग शब्दांचा मारा होईल. ‘योई’ म्हणजे तयार, ‘हाजिमे’ म्हणजे सुरू, ‘यामे’ म्हणजे थांबा, ‘मावात्ते’ म्हणजे मागे वळा. आकडे: इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, जू. आमची पोरं ते ‘इच्, नी, सान’ असे चावून टाकतात, तुम्हीही टाकाल. ‘कियाई’ म्हणजे पोटातून काढलेला मोठा आवाज. मोठ्या माणसांना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. मी पहिले पंधरा दिवस नुसतं तोंड उघडत होतो.

तास साधारण तीन भागांत चालतो. किहॉन म्हणजे सुटे फटके आणि बचाव, पुन्हा पुन्हा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेली काल्पनिक लढाई. कुमिते म्हणजे खरोखरचा जोडीदार समोर. सुरुवातीचे महिने बहुतांश किहॉन. कंटाळा येतो, तो येणारच. सूर्यनमस्काराचा बाराव्या आवर्तनाला येतो तसाच.

मूठ, पाय, पंच, किक

चार गोष्टी नीट बसल्या की पहिल्या तीन महिन्यांचं काम झालं.

मूठ: चारही बोटं टोकापासून घट्ट गुंडाळत आणा, पोळीचा रोल करतो तशी. अंगठा बाहेरून, पहिल्या दोन बोटांवर आडवा दाबून. अंगठा आत ठेवलात तर पहिल्याच फटक्याला तो मोडायची भीती. मार बसायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन हाडांनी. मनगट सरळ, वर नाही, खाली नाही.

उभं राहणं: लांब पुढचा पवित्रा, ‘झेनकुत्सु-दाची’. सरळ उभे राहा, पावलांत कंबरेएवढं अंतर. आता एक पाय सरळ पुढे टाका, साधारण खांद्यांच्या दुप्पट अंतरावर. आडवं अंतर कमी होऊ देऊ नका. नव्वद टक्के नवशिके इथेच दोरीवरच्या डोंबार्‍यासारखे दोन्ही पाय एका रेषेत आणतात आणि मग डुलतात. पुढचा गुडघा वाकवा, इतका की नडगी उभी राहील आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला बघेल, आत पडणार नाही. मागचा पाय ताठ, त्याचं पाऊल शक्य तितकं पुढे वळलेलं. साठ टक्के भार पुढे. आणि मागची टाच जमिनीला चिकटलेली.

टाच का? घरातलं जड कपाट ढकलताना काय करता ते आठवा. मागचा पाय रोवता, टाच टेकवता, मग ढकलता. पंचचा जोर दंडातून येत नाही. मागची टाच जमीन ढकलते, खुबा फिरतो, खांदा जातो, शेवटी मूठ पोचते. टाच वर राहिली की ही साखळी पहिल्याच कडीत तुटते आणि उरतो तो नुसता हात. स्पर्धेत लढताना खेळाडू चवड्यांवर उड्या मारत असतात हे खरं, पण त्यांनी हे आधी हजारो वेळा केलेलं असतं.

पंच: दोन्ही पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा. उजवी मूठ बरगड्यांशेजारी, पालथी नव्हे, उताणी. डावा हात समोर. आता उजवी मूठ सरळ जाऊ द्या, कोपर अंगाला घासत. मूठ शेवटच्या वितीभर अंतरात फिरून पालथी होते. त्याच क्षणी डावा हात तितक्याच जोराने मागे, कंबरेशी. या मागे खेचण्याला ‘हिकिते’ म्हणतात. रवी घुसळताना एक दोरी पुढे, एक मागे, तसे दोन्ही हात जोडलेले समजा. छातीच्या खालच्या खळग्याच्या उंचीचा तो ‘चुदान’, तोंडाच्या उंचीचा ‘जोदान’. खांदे वर नकोत. कोपर शेवटी झटक्यात लॉक करू नका, हवेत मारताना कोपरं दुखतात ती त्यानेच.

किक: पुढची लाथ, ‘माए-गेरी’, चार मापांत शिका. एक, गुडघा छातीकडे उचला. दोन, पाय फेका. तीन, पाय परत गुडघ्याशी आणा. चार, खाली ठेवा. तिसरं माप सगळे विसरतात, आणि मग किक मारली की अंग पुढे पडतं. मार चवड्याने, बोटं मागे ओढून. बोटांनी मारलंत तर पॅडचं काही होत नाही, तुमचं होतं. आणि ज्या पायावर उभे आहात त्याची टाच? खालीच.

बचावात पहिला येतो खालचा झाडता हात, ‘गेदान-बाराई’: मूठ विरुद्ध कानापाशी न्या, तिथून तिरकी खाली झाडत पुढच्या गुडघ्याच्या वर वीतभर आणून थांबवा. दुसरा हात कंबरेशी. वर अडवणं, आतून-बाहेरून अडवणं हे सगळं यावरून पुढे सुचत जातं.

पहिला काता

शोतोकानमध्ये बहुतेकांचा पहिला खरा काता ‘हेइआन शोदान’. इतोसूंच्या मुलांसाठीच्या पाच कातांतला हा एक. त्यांचं मूळ नाव ‘पिनान’, फुनाकोशींनी तीच अक्षरं ‘हेइआन’ अशी वाचली. २१ हालचाली, जमिनीवर आडव्या एच अक्षरासारखा आराखडा, दोन ठिकाणी कियाई. जिथून निघालात तिथेच परत येऊन थांबायचं. दोन पावलं इकडे-तिकडे संपलात, तर कुठेतरी तुमचं एखादं पाऊल आखूड पडलंय. फरशीच्या चौकोनांवर खडूने खूण करून सराव करा, चूक लगेच सापडते. गोजू-र्‍यूत याच्या जागी ‘गेकिसाई’ असतो, मियागींनी १९४० साली नवशिक्यांसाठी केलेला.

लक्षात ठेवायला एक युक्ती: आधी हात सोडून द्या. कंबरेवर हात ठेवून नुसता पायांचा नकाशा चाला. डावीकडे, पुढे, मागे वळ, पुढे, डावीकडे, मग तीन पावलं सरळ. पाय पाठ झाले की हात आपोआप बसतात. उलट केलंत तर प्रत्येक वळणावर ‘आता कुठला पाय?’ म्हणून अडाल. यूट्यूबवर बघून आधीच पाठ करून जाऊ नका. वेगळ्या घराण्याची आवृत्ती पक्की झाली की ती सुटता सुटत नाही.

कातात वय आडवं येत नाही. तोक्यो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तिथे कराटे पहिल्यांदा आलं. महिलांच्या कातात सुवर्ण जिंकणारी स्पेनची सांद्रा सांचेझ तेव्हा ३९ वर्षांची होती. पुरुषांचं सुवर्ण गेलं र्‍यो कियुनाला, म्हणजे अगदी ओकिनावाच्याच माणसाला. पुढच्या पॅरिस ऑलिंपिकला कराटे पुन्हा नव्हतं, तो वेगळा दुखरा विषय.

समोर माणूस आल्यावर

कुमितेची सुरुवात फाइटने होत नाही. आधी ‘गोहोन कुमिते’: एकजण सांगून पाच वेळा पंच मारत पुढे येतो, दुसरा पाच पावलं मागे जात अडवतो आणि शेवटी उलटा पंच मारतो. सगळं ठरलेलं. तरीही खरी मूठ तोंडाकडे येताना बघून डोळे मिटतात. मिटू देत. महिन्याभरात उघडे राहतात. मुक्त लढत सहसा हिरव्या बेल्टच्या पुढे.

जागतिक महासंघाच्या नियमांत पंचला एक गुण, अंगावरच्या किकला दोन, डोक्यावरच्या किकला तीन. एकाचा बेल्ट लाल, दुसर्‍याचा निळा. फटका ताकदीने सोडायचा पण आवरायचा, जोरात मारून समोरच्याला दुखावलंत तर शिक्षा तुम्हाला. टीव्हीवर बघून आलेल्या पोरांना हे पटत नाही. त्यांना सांगा, रोखता येणं हे मारण्यापेक्षा अवघड आहे, करून बघ.

आणि रस्त्यावरचं काय? सरळ सांगतो: सहा महिन्यांचं कराटे घेऊन कुणाशी भिडायला जाऊ नका. चाकू असेल तर पाकीट देऊन टाका. तोपर्यंत तुम्हाला तीन गोष्टी मिळालेल्या असतात: मोठ्याने ओरडता येतं, धक्का बसला तरी पाय जमिनीवर राहतात, आणि अंतर कळतं, म्हणजे समोरच्याचा हात पोचायच्या आत मागे सरता येतं. पळायला या तीनही पुरतात. ‘कराटेत पहिला वार नसतो’ हे फुनाकोशींचं वाक्य कामाकुराच्या एंगाकुजी देवळातल्या त्यांच्या स्मारकशिळेवर कोरलंय.

घरी, आणि दुखापतींबद्दल

क्लास आठवड्यातून तीनदा असेल तर उरलेल्या दिवशी दहाच मिनिटं. झेनकुत्सुमध्ये प्रत्येक पायावर एक मिनिट नुसतं उभं राहणं, ५० पंच, प्रत्येक पायाने २० किक सावकाश, एकदा काता. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील, म्हणून उड्या नकोत.

सगळ्यात जास्त बिघडतात ते गुडघे. घामाने पाय फरशीला चिकटतो, अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि पीळ गुडघ्यात जातो. वळताना पाऊल आधी मोकळं करा. गरम झाल्याशिवाय ताणायचं नाही. थंडीत सकाळी सहाच्या क्लासला हे दुप्पट लागू. लहान मुलांना सिमेंटवर मुठींचे जोर, कौलं फोडणं, ‘माकिवारा’च्या खांबावर ठोसे यातलं काहीही करायला लावत असतील तर शिक्षकाशी बोला. वाढीच्या वयातल्या हाडांना त्याची गरज नसते. स्नायू भरून येणं ठीक, सांध्यात टोचलं तर थांबा.

ड्रेस प्रत्येक वेळी धुवा. बेल्ट धुवायचा नाही, त्यात मेहनत मुरते, असं काही जण म्हणतात. त्यात मुरतो तो घाम. मी धुतो.

पहिली परीक्षा

तीन-चार महिन्यांनी पिवळ्या बेल्टची परीक्षा येते. रंगांचा क्रम क्लासप्रमाणे थोडा बदलतो: पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, मग तपकिरी आणि काळा. रंगीत पायर्‍यांना ‘क्यू’ म्हणतात, त्यांचे आकडे उतरत जातात. काळ्यापासून ‘दान’ सुरू होतात, ते चढत जातात. पहिल्या दानचं नाव ‘शोदान’, म्हणजे सुरुवातीची पायरी. चार-पाच वर्षं घासून तिथे पोचलेल्या माणसाला हे ऐकवलं की तो कसनुसा हसतो.

परीक्षेला नाव पुकारलं की मोठ्याने ‘ओस’ म्हणा (कराटेतला ‘हो सर’च समजा) आणि पुढे या. कात्यात मध्येच डोकं कोरं झालं, आणि ते होतं, तर शेजारच्याकडे बघू नका, तोही चुकलेला असू शकतो. जिथे आहात त्याच पवित्र्यात थांबा. श्वास सोडा. परीक्षक ‘पुन्हा’ म्हणतील, मग पहिल्या जागी जाऊन पहिल्यापासून सुरू करा. माझं तेराव्या हालचालीला झालं होतं. थांबलो, सगळा हॉल शांत, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून त्या तिसरीतल्या सीनियरचा बारीक आवाज आला, ‘‘काका, टाच.’’